बिटाच्या हंगामातलं धुकं

जुई, ऐक गं, पत्र असलं तरी जरा कान इकडे कर. आणि तो मोबाईल आधी पालथा घाल. जर्मनीत आखनला शिकायला येऊन तुला वर्ष होत आलं आणि या आजीकडे तू आलीस किती वेळा, तर एकदा. ती पण अशी, की अंगातलं जॅकेटसुद्धा काढलं नाहीस. चहा पिताना सगळं लक्ष बसच्या वेळेकडे. आणि निघताना काय म्हणालीस? "आजी, तुमच्याकडे काहीच नाहीये गं, नुसती शेतं." मी तेव्हा हसले, पण मनात राहिलंय ते. तुझी सख्खी आजी, म्हणजे माझी धाकटी बहीण, तिकडे सांगलीत बसून मला विचारते, "अक्का, जुई येते ना तुझ्याकडे?" आणि मी म्हणते, हो हो, येते की अधूनमधून. या वयात खोटं बोलायला लावतेस मला.

आज हे लिहायला बसले त्याचं कारण म्हणजे बिटाचा, इथल्या साखरेच्या पांढऱ्या बिटाचा, हंगाम परत आलाय. परवा स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि वास आला. उपटलेल्या बिटाचा वास वेगळाच असतो. थोडा गोड, थोडा कुजट, वर ओल्या मातीचा गारवा. पूर्वी हा वास आला की मला बरं वाटायचं. आमच्या सांगलीकडच्या कारखान्याची पहिली मोळी पडल्यासारखं. यंदा मात्र तो नको झाला. खिडकी लावून घेतली, तरी वास आतच होता.

तुला हा मुलूख "नुसती शेतं" वाटला, त्यात तुझी चूक नाही. ट्रेनमधून तसाच दिसतो. आखन सोडलं की चढउतार मागे पडतात आणि जमीन अशी सपाट होते, की चार गावं पलीकडच्या चर्चचं टोक दिसावं. दक्षिणेला आयफेलचे डोंगर, तिथून रूर नदी उतरते, आणि मध्ये हा युलिखचा मुलूख. जुन्या काळी इथं ड्यूक लोकांचं राज्य होतं. युलिखला त्यांचा किल्ला अजून उभा आहे आणि त्यात आता मुलांची शाळा भरते. राज्य गेलं, पण माती राहिली. ही माती वाऱ्यानं आणून टाकलेली आहे म्हणतात, लाखो वर्षांपूर्वी. खरं असेल. हातात घेतली तर पिठासारखी, एक खडा लागायचा नाही. गहू, बटाटा, बीट, जे लावाल ते येतं. मी पहिल्यांदा आले तेव्हा हिच्यात ऊस का लावत नाहीत, म्हणून विचारलं होतं. तुझे इथले आजोबा, म्हणजे आमचे हे, किती हसले होते!

पण या मुलखाचं दुर्दैवही मातीतच आहे. पिठासारख्या मातीखाली वाळू, वाळूखाली पाणी आणि त्याच्याखाली कोळसा. तपकिरी, अर्धवट लाकडासारखा. वरचं खायला घालतं आणि खालचं दिवे लावतं, आणि दोन्ही एकदम मिळत नाही. खालचं हवं तर वरचं उचलून बाजूला टाकावं लागतं. शेत, रस्ता, चर्च, माणसं, सगळं.

आम्ही आलो ते साखरेमुळे. आजोबा सांगलीकडे कारखान्याच्या लॅबमध्ये होते. इथं ट्रेनिंगला म्हणून आले आणि इथल्या कारखान्यानं ठेवून घेतलं. मागून मी आले, एक ट्रंक आणि सातवीपर्यंतचं शिक्षण घेऊन. लिंडराथ नावाच्या गावात घर मिळालं. शेजारी हिल्डे आणि तिचा नवरा योसेफ, दोघं बिटाचे शेतकरी. साखरेच्या हंगामाला इथं काम्पान्ये म्हणतात. शरद ऋतूत सुरू होतो तो नाताळच्या पुढेपर्यंत. कारखाना एकदा पेटला की थांबत नाही, शिफ्टवर शिफ्ट. आजोबा घरी यायचे तेव्हा त्यांच्या कोटाला गरम रसाचा वास असायचा, आणि मी डोळे मिटून तो घ्यायची. हिल्डेनं पहिल्याच आठवड्यात एक पिवळा डबा आणून दिला, पावाला लावायचा काळा पाक. मी बोट बुडवून चाखलं आणि ओट्यापाशी उभी राहून रडले. काकवी होती गं ती! बिटाची, पण काकवीच. हिल्डे घाबरली, तिला वाटलं मला सोसलं नाही.

आणि त्याच पहिल्या हंगामातला तो शिरा. तुला सांगितला नसेल मी. आपल्याकडे उसाला थंडी मानवते. थंडी पडली की रसात साखर भरते, उतारा चढतो, कारखान्यात सगळे खुशीत. एका सकाळी उठलो तर खिडकीच्या काचेवर बर्फाची नक्षी. आजोबा एकदम आनंदले. म्हणाले, "अगं, थंडी आली! आता बघ उतारा कसा चढतो. काहीतरी गोड कर." मी रवा भाजला, तूप सोडलं, शिरा केला आणि आम्ही दोघं ताट झाकून योसेफच्या अंगणात. आजोबा त्याचा हात हातात घेऊन म्हणतात, "अभिनंदन! काय सुंदर थंडी पडलीये!"

योसेफनं हात सोडवून घेतला आणि शेताकडे बोट केलं. त्याचं अर्धं बीट अजून जमिनीत होतं आणि अर्धं शेताच्या कडेला ढिगात, उघडं. हिल्डेनं ताट घेतलं, एक घास खाल्ला आणि शांतपणे म्हणाली, "हो, छान झालंय. आता तुम्ही दोघं हातमोजे घाला."

त्या दिवशी आम्ही चौघांनी ढिगावर पेंढा घातला. बोटं बधिर. तेव्हा योसेफनं समजावलं, की बीट गोठलं तर तेवढ्यानं काही होत नाही. गोठलेलं आहे तोवर ते तसंच राहतं, दगडासारखं. खरी भीती थंडी सरल्यावर. ऊन पडलं, बिटातला बर्फ वितळला, की आतून पाणी होतं, बुळबुळीत होतं, आणि वरून बघितलं तर सालीला काही झालेलं नसतं. कारखान्याच्या दारातून गाडी परत येते. मी त्या दिवशी पहिल्यांदा उन्हाला घाबरले. योसेफचं पीक तेव्हा वाचलं बहुतेक, पण त्यानंतर थंडीत ऊन पडलं की मी हिल्डेच्या तोंडाकडे बघायची.

मग दुसरी भीती आली. ती हळूहळू आली, जमिनीवरून. कोळशाची खाण आधी पार क्षितिजाकडे होती. तिच्यातलं ते खोदायचं यंत्र, कारखान्याच्या चिमणीपेक्षा उंच, लांबून खेळण्यासारखं दिसायचं. मग त्याची घरघर ऐकू यायला लागली. ऐकू येते का नाही असं वाटायचं, पण कपाटातल्या कपबशांना कळायचं. पुढचं गाव उठलं. मग त्याच्या अलीकडचं. माणसं जेवताना म्हणायची, आपल्यापर्यंत नाही येणार. आणि जेवून झाल्यावर खिडकीशी जाऊन बघायची. आमच्यासारखे बाहेरून आलेले पुष्कळ होते. खाणीत काम करायला आलेले तुर्की, इटालियन, पोलिश, कागदाच्या गिरणीतले, कारखान्यातले. पण घाबरायची पद्धत सगळ्यांची सारखी होती. कुणी भिंतीला रंग द्यायचा नाही. कुणी नवं झाड लावायचं नाही.

लिंडराथ उठलं. सगळ्यांनी मिळून काही किलोमीटरवर नवं गाव वसवलं, त्यालाच नॉय-लिंडराथ म्हणतात, जिथं तू चहा प्यायलीस. चर्चची घंटा आणली. रस्त्यांची नावं आणली. स्मशानातली माणसंसुद्धा आणली बरं! योसेफची आई दोनदा पुरली गेली. हिल्डे म्हणते, "सासू जिवंतपणी कधी घर बदलायला तयार नव्हती, मेल्यावर बघ कशी निमूट आली." आणि हसते. आता कोळसाच बंद करायचा म्हणतात. खाणींमध्ये ऱ्हाइनचं पाणी सोडून तळी करणार, होड्या चालवणार. शेतीत माणसं उरली नाहीत, एक माणूस आणि एक यंत्र सगळं उरकतं. कारखाने कमी झाले. युलिखच्या संशोधन केंद्रात तुझ्यासारखी हुशार मुलं येतात, दोन-तीन वर्षं राहतात, जातात. मुलूख असा सारखा रिकामा होतो आणि भरतो, जत्रेच्या मैदानासारखा. आम्ही म्हातारे तेवढे इथंच.

आता यंदाचं सांगते. तुझ्या आजोबांचं विसरणं तुला माहीत आहे. तू आलीस तेव्हा तुला दोनदा विचारलं, कोणत्या वर्गात आहेस म्हणून. तूही दोनदा छान उत्तर दिलंस, त्याचं मला कौतुक वाटलं. उन्हाळाभर बरे होते गं. बागेत बसायचे, शेंगा सोलायचे. हंगाम सुरू झाला आणि काहीतरी बदललं. शेताच्या कडेला ढिगापाशी यंत्र येऊन बसतं. त्याला इथं माउस म्हणतात. घराएवढं धूड आणि नाव उंदीर! तोंडानं ढीग कुरतडतं आणि पट्ट्यावरून ट्रकमध्ये फेकतं. त्याचा आवाज आला की आजोबा खुर्चीत ताठ होतात. "अगं, डबा भर," म्हणतात, "शिफ्ट आहे." मी म्हणते, अहो, तुम्ही रिटायर झालात. तेव्हा माझ्याकडे असं बघतात, जसं मी काहीतरी वाईट बोलले.

आमच्या मुलाला, मंदारला, फोनवर सांगितलं. तुझा मंदारमामा म्युनिकहून सगळं जर्मनमध्येच बोलतो, मी मराठीत विचारते आणि तो जर्मनमध्ये उत्तर देतो, तीस वर्षं हेच. तो हाइम म्हणाला. म्हाताऱ्यांचं घर, काळजी घेतात, चांगलं असतं. असेल. पण तिथं पहाटे उठून हे "पाणी दे गं" म्हणाले, तर कुणाला कळणार?

आणि मग गेल्या आठवड्यातली ती सकाळ. धुकं असं, की समोरच्या घराचा दिवा तेवढा दिसत होता, घर नाही. मी तळघरात वॉशिंग मशीन लावायला गेले. वर आले तर पुढचं दार उघडं, आणि धुकं घरात आलेलं. चपला होत्या, बूट नव्हते. खुंटीवरची टोपी नव्हती.

मी तशीच स्वेटरवर हिल्डेच्या दारात. "हिल्डे, ते गेले. चालत गेले."

हिल्डेनं गाडीची किल्ली घेतली. ऐंशीच्या पुढची बाई, मानेला पट्टा, पण गाडी चालवते. मी म्हटलं, बेकरीकडे बघूया, बस स्टॉपवर बघूया. ती म्हणाली, "नाही. घरी गेला असेल."

"घर हे मागे आहे, हिल्डे."

"हे घर नाही गं. माझा योसेफ शेवटी शेवटी घरात बसून म्हणायचा, मला घरी जायचंय. सगळे घरीच जातात. पण योसेफला चालता येत नव्हतं, ते बरं होतं. तुझा चालतो."

मग मला कळलं ती कुठं वळतेय. जुन्या लिंडराथचा रस्ता. तो अजून आहे, बरं का. दोन्ही बाजूंना बिटाची शेतं, मधून डांबरी, कडेला जुनी झाडंसुद्धा आहेत. गावाकडे जातो तसाच जातो आणि मग संपतो. एक मातीचा बांध, तारेचं कुंपण, धोक्याची पाटी, आणि त्यापलीकडे खाली, खाली, खाली काहीच नाही. आमचं स्वयंपाकघर होतं तिथं आता हवा आहे.

त्या रस्त्यावर त्या दिवशी ट्रक होते. डांबरावर चिखलाचा थर, साबणासारखा. धुक्यातून आधी पिवळे दिवे यायचे, मग आवाज, मग एकदम अंगावर आल्यासारखी चाकं. हिल्डे काचेला नाक लावून चालवत होती आणि मी प्रत्येक दिव्याला म्हणत होते, देवा, या ट्रकपुढे ते नकोत. प्रत्येक काळ्या आकृतीत मला ते दिसायचे, जवळ गेलं की झाड. रस्त्याच्या कडेला काहीतरी पडलेलं दिसलं. ट्रकमधून पडलेली बिटं होती, तीन-चार, पांढरट, माणसाच्या डोक्याएवढी. हिल्डे म्हणाली, "बघू नकोस तिकडे. पुढं बघ."

रस्ता संपला तिथं आम्ही उतरलो. वाऱ्याला वास नव्हता, शेताचासुद्धा. खालून गार हवा वर येत होती, जमिनीनं श्वास सोडल्यासारखी. आणि बांधावर, कुंपणापाशी, टोपी दिसली. तारेला दोन्ही हात धरून उभे होते. कुंपण तिथं वाकलेलं होतं.

मी ओरडले, "अहो!"

हलले नाहीत. पुन्हा, "अहो! अहो, इकडे बघा!" वारा आवाज घेऊन जात होता. त्यांनी एक पाय खालच्या तारेवर ठेवला.

जुई, मी माझ्या नवऱ्याला उभ्या जन्मात नावानं हाक मारली नाही. तुम्हा मुलींना हसू येईल. तुम्ही लग्नाच्या आधीपासूनच नावानं बोलावता. आमच्यात ते तोंडातच बसलेलं नाही. पण त्या वेळी "अहो" कुणालाही म्हटल्यासारखं वाटलं, त्या धुक्याला म्हटल्यासारखं. आणि माझ्या तोंडून निघालं, "वसंत! वसंत, थांब!"

ते लगेच वळले. पाय खाली घेतला, टोपी काढली आणि माझ्याशी जर्मनमध्ये बोलले. अगदी अदबीनं, परक्या बाईशी बोलावं तसं. "नमस्कार. आपण मला मदत करू शकाल का?"

मला समजायला वेळ लागला. त्यांची आई गेली त्याला किती वर्षं झाली. तिच्यानंतर त्यांना "वसंत" म्हणणारी माणसं सगळी इथलीच, लॅबमधली, गावातली. नावानं हाक मारणारी बाई म्हणजे जर्मन बाई. मी होते समोर, माझ्या तोंडानं, माझ्या स्वेटरमध्ये, आणि मी परकी होते.

म्हणाले, "इथं रस्ता होता. मी रोज इथूनच जातो. कुणी बंद केला कळत नाही. माझी बायको घरी एकटी आहे हो. नवीन आहे इथं, भाषा येत नाही. धुकं पडलं की फार घाबरते. मला उशीर झाला की दार उघडं टाकून रस्त्यावर येऊन उभी राहते, थंडीत, कोट न घालता. मला गेलं पाहिजे."

मी राहायचे गं उभी. त्या पहिल्या हंगामात, रोज. ते कधी मला त्यावरून एक शब्द बोलले नव्हते. मला वाटायचं, त्यांच्या लक्षातच नाही आलं.

मी जर्मनमध्येच म्हटलं, "मी ओळखते तिला. चला, मी सोडते तुम्हाला तिच्याकडे." आवाज नीट आला. त्यांनी माझा हात धरला नाही. परक्या बाईचा कसा धरतील? बांधावरून उतरताना मीच त्यांची बाही धरून ठेवली. हिल्डेनं नाक शिंकरलं आणि म्हणाली, "आल्झो, चला, बसा आता, माझी गाडी गार पडतेय." वाटेत ते तिला म्हणत होते, "इथून डावीकडे घ्या." डावीकडे बीट होतं. ती म्हणायची, "गेनाऊ, अगदी बरोबर, डावीकडे," आणि सरळ जायची.

घरी आल्यावर चहा केला. कप पुढे ठेवला. दोन घोट घेतले आणि म्हणाले, "अगं, साखर कमी आहे."

अगं! मी साखरेचा डबा काढायला पाठ फिरवली ती बराच वेळ तशीच उभी राहिले.

तेव्हापासून मी घाबरलेली आहे, जुई, खरं सांगते. दाराला वर कडी लावली. हिल्डेच्या मुलानं कुंपणाचं कुणाला तरी कळवलं. ट्रकची भीती, खाणीची भीती आहेच, पण ती दाराबाहेरची. दुसरी जास्त मोठी आहे. सकाळी ते जागे होतात आणि माझ्याकडे बघतात, तेव्हा तोंड उघडेपर्यंत मला कळत नाही, की आता "अगं" येणार का "आपण" येणार. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहते आणि वाट बघते.

आणि मी विचार करत बसते, की मला धरून ठेवायला त्यांच्याकडे आहे काय? त्यांनीसुद्धा मला कधी नावानं हाक मारली नाही. सगळा संसार "अगं" वर झाला. हिल्डे मला निर्मला म्हणते, पण तिच्या तोंडून ते जर्मनच ऐकू येतं. मंदार मला "मामा" म्हणतो, म्हणजे जर्मनमध्ये आई, आपला मामा नाही. या घरात माझं नाव मराठीत कुणी घेतच नाही. मग त्यांना कळावं कसं, की ही समोर चहा ठेवणारी बाई ती हीच, जिच्यासाठी ते कुंपण चढत होते?

म्हणून तू ये. येत्या शनिवारीच ये, परीक्षा सांगू नकोस, पुस्तकं इथं घेऊन ये. दिवसा उजेडी ये, धुकं असेल तर दुपारच्या बसनं. मी त्यांना घेऊन स्टॉपवर उभी राहीन. उतरलीस की तिथूनच मोठ्यानं हाक मार मला, "निर्मलाआजी!" अशी. आणि दोन दिवस सारखी मारत राहा, त्यांच्यासमोर, काम असो नसो. लोक वळून बघतील तर बघू देत. लाजू नकोस. मोठ्यानं मार, ये.